थिय्या म्हणजे फक्त माडी काढणारे?

‘केरळातले थिय्या म्हणजे माडी काढणारी जात’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. डोंबिवलीत वाढताना मीही ते खूपदा ऐकलं. माडी काढणं हा आमच्यातला जुना धंदा, हे खरंच. तो जिवावरच्या कष्टाचा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सगळेच माडावर चढत नव्हते. उत्तर मलबारात, म्हणजे केरळच्या उत्तर भागात, कुणी शेती करी, कुणी वैद्यकी, कुणी कळरी ही युद्धकला शिकवी. पडताळायचं तर एखाद्या थिय्या घरातल्या म्हाताऱ्यांना पणजोबांचं काम विचारा. किंवा कण्णूरजवळ परश्शिनिकडवूला जा. तिथल्या मुत्तप्पनच्या देवळाचा कारभार थिय्या घराण्याकडे आहे. देवाला माडी नि मासे चढतात, आणि दारात कुणाचीच जात विचारली जात नाही.