एलडी की गतिमंद? प्रगतिपुस्तक सारखं दिसतं, म्हणून मूलही सारखं नसतं

सहामाहीचे पेपर घरी आले की पालकांचे फोन सुरू होतात. पहिलं वाक्य बहुतेकदा हेच: "मॅडम, याला एलडी आहे असं शाळेत सांगितलं. सर्टिफिकेट कुठे मिळेल?" एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता. तपासणी कसलीच झालेली नसते. मूल सगळ्या विषयांत मागे आहे, एवढंच वर्गशिक्षिकेनं पाहिलेलं असतं. आणि 'सगळ्या विषयांत मागे' हे शब्द कानावर पडले की माझ्या मनात आधी एलडी येतच नाही.

एलडी म्हणजे काय, यावर फार वेळ घालवत नाही. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिसग्राफिया (लेखनाची), डिसकॅल्क्युलिया (गणिताची) हे शब्द आता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरतात. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, पण वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानानं फार मागे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याची नोंद आहे, परीक्षेत सवलतीही आहेत. हे सगळ्यांना पाठ झालंय.

गतिमंद मुलाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. स्लो लर्नर म्हणतात तो हाच. आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, साधारण 70 ते 85च्या दरम्यान. बौद्धिक अक्षमता ही तिसरीच गोष्ट; ती 70च्या खाली धरतात, आणि तिथंही नुसता आकडा पुरत नाही, रोजचे व्यवहार कितपत जमतात तेही पाहावं लागतं. तरी 'मतिमंद' आणि 'गतिमंद' एकाच दमात म्हणणारे लोक, त्यात शिक्षकही, रोज भेटतात. गतिमंद मूल कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान आणतं, धाकट्या बहिणीला सांभाळतं, गणपतीत मंडपात राबतं. अडतं ते शाळेत, त्यातही तिसरी-चौथीपुढे, जेव्हा पाठांतरावर भागत नाही. बुद्ध्यांकाच्या आलेखाच्या हिशेबानं शंभरात तेरा-चौदा मुलं या पट्ट्यात येतात. म्हणजे पन्नासच्या वर्गात सहा-सात! एलडीवर व्याख्यानं होतात, आणि ही सहा-सात मुलं 'अभ्यास करत नाही' या शेऱ्यावर वर्षं काढतात.

आता खरा घोळ. समजा, पाचवीतली दोन मुलं आहेत, दोघांनाही परिसर अभ्यासात चाळीसपैकी बारा. धडा जलचक्राचा.

पहिला 'बाष्पीभवन' एकेक अक्षर लावत वाचतो, रफार गाळतो, 'ध'ला 'घ' म्हणतो, आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. पुस्तक त्याच्या हातून घ्या आणि तुम्ही वाचून दाखवा. तो मध्येच विचारतो, "मग समुद्राच्या पाण्याचा पाऊस खारट का नसतो?" या मुलाला धडा कळला आहे. अडलं होतं ते अक्षरांपाशी.

दुसरा कदाचित घडाघडा वाचेल. वहीसुद्धा नेटकी असेल. बाष्पीभवन म्हणजे काय विचारलं तर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणेल. भांड्यावरच्या झाकणाखाली जमलेलं पाणी दाखवलंत तर त्याला कळतं, अगदी डोळे चमकतात. उद्या पुन्हा दाखवावं लागतं, परवाही. चार-पाच दिवसांनी तो ते आपल्या शब्दांत सांगतो. मग मिठागराचं चित्र पुढे ठेवून विचारलं, "इथलं पाणी कुठे गेलं?", तर गप्प. शिकलेलं तो स्वतःहून नव्या जागी नेत नाही, तिथंही बोट धरून न्यावं लागतं. इथे अडचण अक्षरांची नाही, समजुतीच्या वेगाची आहे, आणि ती भाषा, गणित, इतिहास सगळीकडे कमी-अधिक सारखीच दिसते. एलडीच्या मुलाच्या क्षमतांत खड्डे आणि उंचवटे असतात. गतिमंद मुलाचा आलेख बऱ्यापैकी सपाट, पण वर्गाच्या रेषेखाली.

उपायांची उलटापालट इथूनच होते आणि माझा संतापही. एलडीच्या मुलाला लेखनिक द्या, जादा वेळ द्या, शुद्धलेखनाचे गुण कापू नका, आणि आवाज-अक्षराची जोडणी पायरी-पायरीनं शिकवा. आशय मात्र त्याच्या वयाचाच हवा. त्याला दुसरीचं पुस्तक देऊन बसवलंत तर तो चिडेल, नाहीतर वर्गाचा विदूषक होईल, नाहीतर रोज सकाळी त्याचं पोट दुखेल. गतिमंद मुलाला लेखनिक देऊन काय होणार? उत्तरच तयार नसेल तर तो सांगणार काय? त्याला आशय कमी हवा, हाताळता येईल असं काही हवं आणि पुन्हा पुन्हा सराव हवा. हे मूल त्रास देत नाही, म्हणून सगळे त्याला 'शहाणं बाळ' म्हणतात आणि आठवी-नववीपर्यंत कोणाचं लक्षच जात नाही. मला जास्त काळजी त्याची वाटते.

वाचून दाखवण्याचा प्रयोग म्हणजे निदान नव्हे. विशेषतः इंग्रजी माध्यमातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी उतारा वाचून दाखवून 'यालाही कळत नाही' असा निष्कर्ष काढणं मला अजिबात मान्य नाही. आधी मराठीत सांगून पाहा. निम्म्या वेळा तिथंच उत्तर मिळतं. शिवाय ज्यानं वर्षानुवर्षं वाचलेलंच नाही त्याचा शब्दसाठाही आटतो, त्यामुळे एलडीच्या मुलाचा एकूण आयक्यू खाली दिसू शकतो. अहवालातला एकच आकडा पाहू नका, उपचाचण्यांचे, म्हणजे चाचणीतल्या वेगवेगळ्या भागांचे, गुण समजावून मागा. केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत क्रमच दिलेला होता: आधी बालरोगतज्ज्ञ, डोळे आणि कान, मग आयक्यू, आणि तो 85च्या वर असेल तरच एलडीच्या चाचण्या.

म्हणजे त्या नियमानं 78 आयक्यूवाल्याला एलडीचं सर्टिफिकेट नव्हतं. तो 21 प्रकारांत कुठेच बसत नाही. यावर पालक हळूच विचारतात, "अहवालात थोडं वाढवून नाही का लिहिता येणार?" नाही. अशानं त्याला वर्षभर चुकीचं रेमेडियल, म्हणजे उपचारात्मक शिकवणं, मिळेल. कायद्यानं या मुलांना वाऱ्यावर सोडलंय ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे.

सर्टिफिकेटशिवाय हाती असलेला रस्ता म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एका खेपेला एक-दोन विषय दिले तरी चालतं. गणित घेतलंच पाहिजे असं नाही. गृहविज्ञान किंवा चित्रकला घेता येते. फक्त पुढे आयटीआयचा विचार असेल तर फिटर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडना दहावीचं गणित आणि विज्ञान लागतं, म्हणून विषय ठरवण्याआधी ते पाहून घ्या.