पाटा, ग्रीस आणि पांदण

पोळा होऊन गेला, कपाशीला बोंडं धरू लागली, की तालुक्याच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. पुढून खडखड येते, स्टेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आहे, गाडी डावीकडे ओढते. मालक खड्ड्यांना शिव्या घालतो, मिस्तरी मालकाला. दोघांचंही बरोबर असतं. या रांगेची गोष्ट मात्र मोटारीच्याही आधी, बैलबंडीपासून सुरू करावी लागते.

बंडीला स्टेअरिंग नव्हतं, कारण लागतच नव्हतं. दोन चाकं, एक आस. बैल वळले की सगळी बंडीच वळते. भानगड चार चाकांची. वळताना आतलं चाक लहान घेर घेतं, बाहेरचं मोठा, म्हणून पुढची दोन्ही चाकं सारखी वळवली तर एक फरफटत जातं. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्याने घोडागाडीसाठी यावर दोन्ही चाकं वेगवेगळ्या कोनांत वळवायची तोड काढली आणि रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. नाव आकरमानचंच राहिलं. आपल्या गाडीतला टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा, हा त्याच युक्तीचा वंशज.

बंडीला स्प्रिंगही नव्हता. देखभाल काय ती एकच, वंगण. तेलात काजळी कालवून आसाला लावायचं. त्याचं नळकांडं बंडीखालीच टांगलेलं असायचं. आस कुरकुरली की रस्त्यातच थांबून बोट फिरवायचं. हे वंगण ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या चाकांवरची लोखंडी धाव अरुंद, त्यामुळे मुरमाच्या रस्त्यात खोल चाकोऱ्या पडत. रस्त्यांचा देशभराचा पहिला मोठा आराखडा ठरला तो १९४३ साली नागपुरातच, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या तेव्हाच्या राजधानीत. २० वर्षांची ती योजना अभियांत्रिकीच्या वर्गात आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणून शिकवतात. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्राम ही रस्त्यांची उतरंड तिच्यातली. शेतीच्या भागातलं गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नसावं, असं तिचं उद्दिष्ट होतं. मधले ५ मैल कशाचे? पांदणीचे, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेचे.

पांदण म्हणजे काय हे पश्चिम विदर्भात सांगावं लागत नाही. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते, उन्हाळ्यात भेगेत हात जातो. अशा जमिनीवर मुरूम टाका, डांबर टाका, खालचा पाया हलतच राहतो आणि वर लाटा उमटतात. गाडीच्या पुढच्या भागाचं मरण खड्ड्यापेक्षा या लाटांत जास्त आहे, कारण खड्डा दिसतो आणि माणूस ब्रेक मारतो. लाटांवरून तो ५०च्या वेगाने जातच राहतो.

अशा रस्त्यांवर पहिली टिकली ती जीप. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीप जोडली जाऊ लागली. तहसील, वनखातं, पंचायत समिती यांच्या दारात ती आली आणि लिलावात निघाल्यावर खेड्यात उतरली. चारही चाकांना कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढे अख्खा अ‍ॅक्सल. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारी गाडी, पण पाट्याचे गुण दुरुस्ती करणाऱ्यालाच कळतात. वजन तोच पेलतो, अ‍ॅक्सल जागेवर तोच धरतो आणि पट्टे एकमेकांवर घासतात म्हणून उसळीही थोडीफार तोच जिरवतो. एक पट्टा तुटला तरी गाडी घरी येते. पट्टे मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं.

पाटा इथे इतका टिकला तो आरामासाठी नाही, त्याचं काम गावात होतं म्हणून, असं माझं मत आहे. बसलेल्या पट्ट्याला थंडाच ठोकून कमान देता येते. (भट्टीत घालून कमान दिलेला पट्टा मात्र घेऊ नये. पोलादाचं पाणी उतरतं आणि तो पुन्हा बसतो.) पार तुटलेला पट्टाही वाया जात नाही, लोहार त्याची कुऱ्हाड करतो, विळा करतो. काळी-पिवळीवाल्यांनी, म्हणजे खेड्यापाड्यांत सीटवर माणसं भरणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी, यातच आपली अक्कल घातली: माणसं दुप्पट भरायची तर मागे एक पट्टा जास्त. गाडी बसायची थांबली, पण धक्का हँगरला (पाटा अडकवायच्या कंसाला) आणि चेसिसला जाऊ लागला. २००५ साली आलेल्या टाटा एसला, आपल्या छोटा हत्तीला, पुढे-मागे पाटेच आहेत, यात नवल नाही.

दुसरी वाट मारुतीची. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता: शॉकअपची नळी आणि तिच्याभोवतीच कॉइल स्प्रिंग, खाली लोअर आर्म आणि त्याला चाकाशी जोडणारा, वाटीत गोळा फिरणारा बॉल जॉइंट. अर्ल मॅकफर्सनची ही रचना १९५० च्या सुमारास ब्रिटिश फोर्ड गाड्यांत आली होती. सोबत रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) स्टेअरिंग, हलकं आणि नेमकं. (रॅक नवा नव्हता, १९५७ च्या अँबेसेडरलाही तो होता.)

खरा बदल झाला तो सवयीत. जीपच्या किंगपिनला (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ), शॅकलला (पाट्याचं टोक टांगणारी कडी), टाय रॉडच्या टोकाला ग्रीसचे निप्पल होते. ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरलेल्या माणसाला फाटकं रबर, ढिला नट, स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणारी वाकलेली ड्रॅग लिंक आपोआप दिसायची. बंडीखालचं नळकांडं जाऊन हातात गन आली, एवढाच काय तो फरक. नव्या गाड्यांत जॉइंट बंद, ग्रीस आतच भरलेलं. चांगली सोय, पण गाडीखाली शिरायचं कारणच संपलं. ४५ अंशांच्या उन्हाने जॉइंटच्या रबरी बुटाला चीर पडते, जुलैत तिच्यातून पांदणीचा गाळ आत जातो आणि ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करतो. खडखड ऐकू येईपर्यंत आतला गोळा झिजलेला असतो.

रस्तेही पुढे बदलले. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला. आता एकच गाडी सकाळी पांदणीत आणि दुपारी १०० च्या वेगात असते. पांदणीत झिजलेला टाय रॉड एंड तिथे कळत नाही, तो समृद्धीवर हात थरथरवतो. मग माणूस कॉम्प्युटर अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, जातो. मीही गेलो होतो. कागदावर सगळे आकडे हिरवे आले आणि महिन्याभरात टायर पुन्हा आतल्या कडेने झिजला. जॉइंट ढिला असताना केलेलं अलाइनमेंट पहिल्या गतिरोधकापर्यंतच टिकतं.

सुतळी लावून टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) बघणारे जुने मिस्तरी अजूनही आधी जॅक लावतात. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी हात ठेवून चाक हलवतात. हललं तर संशय टाय रॉड एंडवर. मग १२ आणि ६ वर. तिथे हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. सुतळी त्यानंतर निघते.