हिपॅटायटिस ए चा रिपोर्ट ‘अजून पॉझिटिव्हच’ येतोय? परत पैसे भरायच्या आधी हे वाचा

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज हेच ऐकू येतं, "महिन्यापूर्वी कावीळ झालेली, आता बरंय, पण ती हिपॅटायटिस ए ची आयजीएम टेस्ट परत करा, निगेटिव्ह आली का बघायचंय." मग ती पॉझिटिव्हच येते, घरात टेन्शन, कुणी डॉक्टर बदलतं, कुणी कावीळ उतरवायला गावाला नेतं, आणि फोन मात्र आम्हाला, की तुमचं मशीन बरोबर आहे ना? मशीन बरोबर आहे हो, टेस्ट नको तेव्हा केलीय.

आयजीएम म्हणजे विषाणू नाही, विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली अँटीबॉडी आहे. विषाणू पोटात गेल्यापासून १५ ते ५० दिवसांनी, सरासरी २८ दिवसांनी, त्रास सुरू होतो. आयजीएम त्याच्या थोडी आधी दिसायला लागते आणि पुढे साधारण सहा महिने राहू शकते, एखाद्याची त्याहून जास्त. म्हणजे दुसऱ्या महिन्यात पॉझिटिव्ह येणं हे अगदी अपेक्षित आहे, त्यावरून आजार अजून आत आहे असं ठरत नाही. हिपॅटायटिस ए कायमचा लिव्हरमध्ये बसून राहत नाही, ते हिपॅटायटिस बी आणि सी चं काम.

बरं होतंय का हे बघायचं तर बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा पिवळा रंग) आणि एसजीपीटी (लिव्हरला किती इजा आहे ते) पुरतं, डॉक्टरांनी सांगितलं तर पीटी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते). पेशंट गुंगीत जातोय, उलट्या थांबत नाहीत, असंबद्ध बोलतोय असं असेल तर आमच्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. काही लोक चिडतात की पैसे देतोय तर टेस्ट करा ना. टेस्ट केली तर आमचा फायदाच आहे, तरी आम्ही आधी नको म्हणतो, कारण नंतर अर्धा तास समजावत बसायला आमचाच माणूस लागतो.

शाळेने निगेटिव्ह रिपोर्ट मागितलाय असंही सांगतात. शाळेला डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट द्या. हा आजार सगळ्यात जास्त पसरतो तो डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत, जेव्हा कुणाला पत्ताच नसतो, आणि पिवळे झाल्यावर आठवडाभराने धोका बराच उतरतो. बाईंना हवं तर हाच कागद दाखवा.

अजून एक, घरात एकाला झाली म्हणून पाचही जणांची आयजीएम काढू नका. काही त्रास नसलेल्या माणसात ही टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येण्याची शक्यता जास्त असते. त्यापेक्षा संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मोठ्या माणसांना लसीची गरज आहे का हे बघायला आयजीजी (आजार किंवा लसीनंतर टिकून राहणारी, संरक्षण देणारी अँटीबॉडी) ही वेगळी टेस्ट असते, ती एकदा पॉझिटिव्ह आली की सहसा जन्मभर तशीच राहते आणि ती चांगली बातमी असते! आपल्याकडे खूप जणांची येते, कारण सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा आजार पिवळे न होताच होऊन जातो.

आता "ए सोबत हिपॅटायटिस ई ची टेस्ट कशाला लावता, बिल वाढवायला?" हा प्रश्न. दोन्ही घाण पाण्यातून येतात, दोन्हीत डोळे पिवळे, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. दिल्लीत १९५५-५६ ला काविळीची प्रचंड साथ आली, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलेलं, तेव्हा सगळे ए समजून चालले. पेशंटच्या रक्तातलं जपून ठेवलेलं सिरम (रक्तातला पातळ भाग) तपासून १९८० मध्ये कळलं की ती ए नव्हतीच, आणि त्या कामात पुण्याच्या विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ होते. पुढे त्या दुसऱ्या विषाणूला ई नाव मिळालं. गरोदर बाईला, खासकरून शेवटच्या तीन महिन्यांत, ई जिवावर बेतू शकते, म्हणून घरात गरोदर कुणी असेल तर आम्ही दोन्ही करा असंच सांगतो. एकत्र केल्या तर वेगवेगळ्या करण्यापेक्षा स्वस्त पडतात, हेही खरं.

हल्ली मोबाईलवर वाचून लोक विचारतात, वटवाघळांमुळे झाली का, टाकीवर माकडं बसतात त्याने का, उंदराने का. तर ए चे चुलत विषाणू प्राण्यांत आहेत हे खरंय. २०१५ मध्ये वटवाघळं, उंदीरवर्गातले प्राणी, चिचुंद्र्या, साळिंदरासारखे काटे असलेले हेजहॉग यांच्यात ते सापडले, त्याच वर्षी अमेरिकेतल्या सीलमध्येही. आपला ए फार पूर्वी अशाच छोट्या प्राण्यांतून आला असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण आज माणसाला होतो तो माणसाचा माणसालाच, विष्ठेतून पाण्यात आणि अन्नात. काही माकडांना ए होतो, पण आपल्याकडच्या साथी त्यांच्यामुळे येत नाहीत, तेव्हा माकडांना शिव्या देण्यापेक्षा ड्रेनेजची लाईन पाण्याच्या लाईनला कुठे चिकटून जाते ते बघा.

ई चं थोडं वेगळं आहे. त्याचे काही प्रकार डुक्कर, रानडुक्कर, हरणांतून माणसात येतात, जपानमध्ये हरणाचं कच्चं मांस खाऊन झाल्याच्या केसेस २००३ मध्ये छापून आल्या, आणि उंदरातला ई माणसात पहिल्यांदा २०१८ मध्ये हाँगकाँगला सापडला, लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटमध्ये. आपल्याकडच्या साथी मात्र मुख्यतः पाण्यातून पसरणाऱ्या माणसाच्याच प्रकाराच्या. शिकारीचं किंवा डुकराचं मटण खाल्लं असेल तर पूर्ण शिजलेलं होतं का ते डॉक्टरांना सांगा. आमच्या एलायझावरून (अँटीबॉडी बघायची आमची पद्धत) ई आहे की नाही ते कळतं, कुठल्या प्रकारचा ते नाही, त्याला पीसीआर (विषाणूचाच अंश शोधणारी टेस्ट) लागतं आणि सँपल बाहेर पाठवावं लागतं.

सॅनिटायझरवर भरवसा नको, अल्कोहोलने हे दोन्ही विषाणू नीट मरत नाहीत, साबण आणि भरपूर पाणी वापरा. पाणी खळखळून उकळा. काविळीत उसाचा रस चांगला म्हणून गाड्यावर जाऊन बर्फ घालून पितात, त्या बर्फाचं पाणी कुठलं हे आधी विचारा.

ए आणि ई च्या एलायझाला उपाशी पोटी यायची गरज नाही. बॅच मंगळवारी आणि शुक्रवारी लागते, बिलिरुबिन आणि एसजीपीटी त्याच दिवशी संध्याकाळी मिळतं. घरून सँपल नेतो, सकाळी सात ते दहा. ट्यूबला आमचा मुलगा काळा कागद गुंडाळतो ते बघून हसू नका, उजेडात बिलिरुबिन कमी होत जातं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. येताना जुना रिपोर्ट आणा, कुठल्याही लॅबचा चालेल, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप केला तरी चालेल, तारीख दिसली पाहिजे.