मधली सुट्टी म्हणजे पीटी नव्हे

कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर ऑगस्टमध्ये एक वाक्य हमखास फिरतं: ‘इथे पीटीचा तास नसतो, पोरं रिसेसमध्ये खेळतात, कायद्याला तेवढं पुरतं.’ पुरत नाही!

राज्याच्या शिक्षण संहितेत पहिली ते सहावीसाठी दर 10 शालेय दिवसांत किमान 200 मिनिटं शारीरिक शिक्षण सांगितलं आहे. त्यातून मधली सुट्टी आणि जेवणाची सुट्टी स्पष्ट शब्दांत वगळली आहे. म्हणजे झोक्याच्या रांगेत उभं राहून, हातात अर्धं सफरचंद घेऊन गेलेली 15 मिनिटं या हिशेबात धरायची नाहीत. सातवीपासून हाच आकडा साधारणपणे 400 होतो.

घोळ होतो तो ‘दर 10 दिवसांत’ या शब्दांमुळे. कुणी 200 मिनिटं आठवड्याची समजतं आणि शाळेशी भांडायला जातं. प्रत्यक्षात सरासरी पडते दिवसाला 20 मिनिटं. रोज तास हवाच असंही नाही. एका आठवड्यात जास्त, दुसऱ्यात कमी, चालतं. त्यामुळे फ्रिजवर लावलेल्या वेळापत्रकाचे दोन आठवडे शेजारी ठेवून बेरीज करा, मगच मुख्याध्यापकांना ईमेल धाडा.

‘वॉशिंग्टनचा कायदा आहे’ हेही चूक. किती मिनिटं, हे अमेरिकेत केंद्र सरकार ठरवत नाही. ते राज्यांकडे आहे. म्हणून टेक्सासच्या मावसभावाने सांगितलेला नियम कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत लावू नका.