कामठीच्या लाल दगडातलं पान

कामठी म्हटलं की नागपूरकरांना छावणी आठवते, कन्हान नदी आठवते. भूशास्त्राच्या अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे मात्र खडक येतो. 'कामठी स्तरसमूह' हे नाव चंद्रपूरकडच्या, गोदावरी खोऱ्यातल्या आणि थेट ओडिशातल्या खडकांनाही दिलं जातं, आणि त्या सगळ्यांचं मूळ गाव आपलं कामठी! नागपुरात हे किती जणांना ठाऊक असेल?

हा तांबूस वालुकाश्म सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या वाळूगाळातून घडला. त्यातल्या बारीक कणांच्या थरांत पानांचे ठसे सापडतात. लांबट, जिभेच्या आकाराची पानं, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. ही ग्लॉसॉप्टेरिस, बिया धरणारी आणि आज पूर्णपणे नामशेष झालेली वनस्पती.

नागपूरजवळच्या सिलेवाड्याला जमिनीखाली कोळसा आहे आणि तोही मुख्यतः याच वनस्पतींचा. मग खाली काळा कोळसा आणि वर लाल दगडात नुसता ठसा, असं का? कोळशाच्या काळात इथे दलदल होती. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी, त्यामुळे पडलेला पालापाचोळा पुरता कुजला नाही. थरावर थर चढून दाबाखाली त्याचा कोळसा झाला. पुढे हवामान आणि नद्यांची वाट बदलली. गाळाला हवा लागू लागली, त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन खडक तांबडा झाला. पानाचा मूळ पदार्थ निघून गेला, पण तोवर मऊ चिखलात त्याची शीर न् शीर उमटली होती. मला हे कोळशाहून मोलाचं वाटतं.

हे ठसे जगापुढे आणले स्टीफन हिस्लॉप यांनी. 1845 साली नागपुरात आलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याने सिलेवाडा परिसरातून जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या संग्रहातल्या वनस्पतींवर 1861 साली लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बनबरी यांचा निबंध छापून आला. 1863 साली नागपूरजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळं (प्राचीन काळी गोलाकार मांडलेले दगड) पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 साली कॅप्टन स्कॉट यांच्या चमूने जे दगड मरेपर्यंत टाकले नाहीत, त्यांतही ग्लॉसॉप्टेरिसच होतं. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका. इतक्या दूरदूरच्या भूखंडांवर एकच झाड सापडावं, कारण तेव्हा ते सगळे गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात जोडलेले होते. ते नावही इकडचंच, गोंडांच्या मुलखावरून पडलेलं.

विहीर खोदताना किंवा बांधकामाच्या दगडांत असा ठसा दिसला, तर फोडू नका, धुऊ नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, दगड नेमका कुठून निघाला ते लिहून ठेवा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात किंवा सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. जागेची नोंद नसेल, तर अभ्यासकाला त्या ठशातून फारसं काही वाचता येत नाही.