स्टॉकहोमची तीन तासांची सिटी टूर आणि तिच्यातून गळलेला शहराचा मधला भाग : पार्श्वभूमी

स्कॅन्डिनेव्हियाच्या सहलीत स्टॉकहोमच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. महाराष्ट्रातून निघालेले बरेच गट हेलसिंकीहून रात्रीच्या जहाजाने येतात. सकाळी बंदरावर उतरले की सामान कोचच्या पोटात जाते आणि स्थानिक गाइड माइक हातात घेतो. मग सॉदरमाल्मच्या कड्यावर, फ्येलगाटान नावाच्या रस्त्यावर फोटो स्टॉप, सिटी हॉल, राजवाडा, तिथून गामला स्तान या बेटावरच्या जुन्या शहराच्या गल्ल्यांतून पायी फेरी आणि शेवटी वासा जहाजाचे संग्रहालय. कंपनी कोणतीही असो, क्रम थोडा पुढेमागे होतो, थांबे तेच राहतात.

या फेरीत शहराचा जो भाग कोचच्या खिडकीतूनच दिसतो, तो नेमका मधला आहे. मुख्य रेल्वे स्थानक, मोठी दुकाने, बँका, मेट्रोच्या सगळ्या मुख्य मार्गिका जिथे एकत्र येतात ते स्थानक, हे सारे जुन्या शहराच्या उत्तरेकडच्या नॉरमाल्म या भागाच्या दक्षिण टोकाला आहे. काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची फरसबंदी असलेला खोलगट सर्गेल चौक आणि त्यातला काचेचा उंच स्तंभ यांवर गाइड एखाद-दोन वाक्ये बोलतो आणि कोच पुढे जातो. गाइडला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे उतरवून दाखवावे असे जुने फारसे उरलेलेच नाही. ते का उरले नाही, हे ठाऊक असेल तर बाकीची फेरीही वेगळी दिसते.

जुना इतिहास गाइड सांगतोच, त्यामुळे इथे थोडक्यात. १२५२ च्या पत्रात या शहराचे नाव प्रथम येते. १५२० मध्ये गामला स्तानमधल्या स्तोरतोर्येत चौकात डॅनिश राजाने ८०हून अधिक लोकांची मुंडकी उडवली. १६२५ च्या आगीत बेटाचा नैर्ऋत्य भाग जळाला आणि तिथे शहरातले पहिले सरळ आखलेले रस्ते आले. म्हणूनच पश्चिमेकडच्या दोन लांब रस्त्यांवरून चालताना मध्ययुगीन वळणे अचानक संपल्यासारखी वाटतात. १६९७ मध्ये जुना किल्ला जळाला, त्या जागी आजचा राजवाडा उभा राहायला १७५४ उजाडले.

गामला स्तान पूर्वीपासून जपून ठेवले गेले, असा पर्यटकांचा समज होतो. तसे मुळीच नव्हते. एकोणिसाव्या शतकात पैसेवाले लोक बेट सोडून गेले. मागे राहिली ती दाटीवाटीची, ओलसर, अंधाऱ्या खोल्यांची वस्ती. १८६२ मध्ये तर राजवाडा, मुख्य चर्च अशा मोजक्या इमारती ठेवून बाकी सगळे बेट पाडायचे आणि काटकोनातले रुंद रस्ते आखायचे, असा आराखडा छापून प्रसिद्ध झाला होता. तो कागदावरच राहिला. बेट वाचले त्यात कोणाची दूरदृष्टी फारशी नव्हती. व्यापार आणि कार्यालये उत्तरेकडे सरकली होती, आणि गरिबांच्या वस्तीत पैसा ओतायला कोणी तयार नव्हते. १९३० च्या दशकात एका नागरी संस्थेने चार बाजूंच्या रस्त्यांमधल्या एका अख्ख्या चौकटीतली घरे घेऊन वेगळा प्रयोग केला. अंगणात कोंबलेली मागची बांधकामे काढली, उजेड-हवा आत घेतली आणि रस्त्याकडची जुनी घरे दुरुस्त करून राहती ठेवली. जुन्या वस्तीचे आरोग्य ती न पाडताही सुधारता येते, हे इथे सिद्ध झाले. गटातला प्रत्येक जण जिथे फोटो काढतो ती सर्वांत अरुंद गल्ली, एका टोकाला जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद, अनेक दशके दोन्ही बाजूंनी बंद होती. ती १९४५ मध्ये पुन्हा खुली झाली.

हे १९४५ साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. अरुंद गल्ली उघडली त्याच वर्षी शहराच्या सभागृहाने नॉरमाल्मच्या मध्यभागाच्या पुनर्रचनेला दिशा देणारा निर्णय घेतला. पुढची तीस वर्षे स्टॉकहोममध्ये ज्या विषयावर सर्वाधिक भांडण झाले, तो हा.

पाडकामाची मुळे बरीच मागे जातात. १८६६ च्या नगररचना आराखड्यात स्वेआवेगेन हा रुंद रस्ता उत्तरेकडून थेट दक्षिणेला पाण्याच्या दिशेने आणायचा होता. मध्ये क्लारा नावाची दाट वस्ती आणि ब्रुंकेबर्गची टेकडी होती, त्यामुळे तो रस्ता अडकून राहिला. १९३० च्या दशकात मेट्रोचा विचार पक्का होऊ लागला. भुयार उथळ खणायचे तर वरची घरे तशीही हलवावी लागणार होती. त्यातच १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनापासून प्रकाश, हवा आणि साध्या रेषांच्या नव्या वास्तुशैलीने तरुण नियोजकांवर पकड घेतली होती. क्लारातली घरे त्यांना जुनाट आणि रोगट दिसत. वर्तमानपत्रांची कार्यालये, छापखाने, स्वस्त खानावळी, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कवी आणि वार्ताहर, असा तो भाग होता. शहराची दैनिके छापली जात ती इथेच.

स्वीडन दुसऱ्या महायुद्धात उतरले नाही. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या युरोपीय शहरांना नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्टॉकहोमची घरे शाबूत होती, कारखाने चालू होते आणि तिजोरीत पैसा होता. म्हणजे इथे पाडण्याचा निर्णय हा पूर्णपणे निवडीचा होता, आणि मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५३ मध्ये खास कायदा झाला. एकेक भूखंड न घेता अख्ख्या चौकटी सक्तीने संपादित करण्याचा अधिकार त्याने शहराला दिला. पाडकामाला १९५१ पासून सुरुवात झालीच होती. १९५७ मध्ये पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची मेट्रो मध्यवर्ती स्थानकात जोडली गेली. पाठोपाठ पाच एकसारख्या उंच इमारतींची रांग उभी राहिली, ती १९६६ पर्यंत पुरी झाली. टेकडीचा मोठा भाग खणून नेला. सर्गेल चौक दोन पातळ्यांवर बांधला, वर मोटारी आणि खाली माणसे. एकूण ४००हून अधिक इमारती गेल्या.

या निर्णयाची बाजूही मांडायला हवी, कारण ती बाजू दुबळी नव्हती. तो कोणा एका पक्षाचा हट्ट नव्हता, डावे-उजवे जवळपास सगळेच त्याच्या मागे होते. अनेक घरांत सोयी नव्हत्या. उपनगरांत राहायला गेलेल्या लाखो लोकांना मध्यभागी कामावर आणायचे तर मेट्रो हवीच होती, आणि आज तिच्याशिवाय या शहराची कल्पना करता येत नाही. जमीन विकायची नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, हे धोरणही विचारपूर्वक आखलेले होते. मालकी शहराकडेच राहिली.

तरीही हिशेब लावला तर गमावलेले जास्त भरते. मेट्रोसाठी जितके पाडणे भाग होते, त्याच्या कितीतरी पट पाडले गेले. मोटारींसाठी बहुमजली पार्किंग आणि भुयारी रस्ते आले. राहणारी माणसे गेली, संध्याकाळी दुकाने मिटली की रस्ते ओस पडू लागले. भाडेकरू मिळतील या भरवशावर आधी पाडून ठेवलेल्या काही जागा १९७० च्या सुमारास नुसते खड्डे होऊन पडून होत्या. ज्या स्वेआवेगेनसाठी हा घाट घातला, तो पाण्याच्या दिशेने पुढे गेलाच नाही, सर्गेल चौकापाशीच थांबला. क्लारा चर्चचा मनोरा तेवढा मागे राहिला. कोच स्थानकाजवळून जाताना काचेच्या कार्यालयांमधून तो डोकावतो. गाइडने काही सांगितले नाही तरी तिकडे पाहावे. हरवलेल्या वस्तीची जागा दाखवणारी ती सर्वांत ठळक खूण आहे.

विरोध पेटला तो घरांवरून नव्हे, झाडांवरून. राजवाड्यासमोर, पाण्याच्या पलीकडे कुंगस्ट्रेडगोर्डन हे जुने शाही उद्यान आहे. तिथे मेट्रोचे प्रवेशद्वार बांधण्यासाठी जुनी एल्म झाडे तोडायचे ठरले. ११ मे १९७१ च्या रात्री झाडे तोडायला माणसे येणार ही बातमी फुटली आणि हजारो लोक जमले. कुंपण मोडले, तरुण झाडांवर चढले, फांद्यांना झोळ्या बांधून त्यात राहिले. पोलीस घोडे आणि कुत्रे घेऊन आले, झटापट झाली, काही खोडांत करवत शिरलीही. पण झाडे पडली नाहीत. शहराने माघार घेतली, प्रवेशद्वार थोडे बाजूला हलवले आणि ते स्थानक १९७७ मध्ये सुरू झाले. करवतीच्या घावांच्या खुणा खोडांवर राहिल्या. झाडांखाली चहाचे लहान दुकान आहे. मोकळा अर्धा तास मिळालाच, तर गामला स्तानमधल्या मॅग्नेट-टोप्यांच्या दुकानांपेक्षा तो इथे घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या घटनेनंतर शहराचा सूर बदलला. १९६७ च्या आराखड्यात अजून कितीतरी चौकटी पाडायच्या होत्या, त्या १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रद्द होत गेल्या. पुढचा प्रसंग तर राजवाड्याच्या दारातच घडला. संसद एका सभागृहाची झाल्यावर तिला मोठी जागा हवी होती, म्हणून १९७१ ते १९८३ ती सर्गेल चौकातल्या नव्या सांस्कृतिक इमारतीत भरत होती. जुन्या जागी, हेल्गेआन्दसहोल्मेन बेटावर परतण्याआधी तिथे भुयारी पार्किंग करायचे ठरले. १९७८ मध्ये खोदाई सुरू झाली आणि सोळाव्या शतकातल्या तटाचा लांबलचक तुकडा, जुन्या बोटी, घरांचे पाये वर आले. दहा वर्षांपूर्वी कदाचित हे सारे उचलून पार्किंग झाले असते. या वेळी वाहनांची जागा कापली गेली आणि तट आहे तिथेच ठेवून १९८६ मध्ये त्याभोवती मध्ययुगीन स्टॉकहोमचे संग्रहालय उघडले. सिटी टूरचा गट राजवाड्याकडे जाताना नॉरब्रू पुलावरून, म्हणजे या संग्रहालयाच्या अगदी शेजारून जातो.

टूरचे बाकीचे थांबेही याच काळात पक्के होत गेले. सिटी हॉल १९२३ पासूनचा, पण आत गाइडबरोबरच जाता येते. त्यामुळे तिथले वेळापत्रक सबंध फेरीला बांधून घेते. नोबेल मेजवानी ज्या ‘निळ्या’ सभागृहात होते त्याच्या भिंती लाल विटांच्या आहेत. वास्तुकाराला निळा लेप द्यायचा होता, पण विटा पाहून त्याने विचार बदलला. ही मेजवानी पूर्वी शेजारच्या सोनेरी मोझेइकच्या सभागृहात होई, पाहुणे वाढले तशी १९७४ पासून ती इकडे आली.

वासाची गोष्ट याहून बोलकी आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत हे युद्धनौकांतले भारी जहाज सुमारे १,३०० मीटर जाऊन उलटले, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ते पाण्याबाहेर आले. म्हणजे क्लारातली घरे पाडली जात होती त्याच वर्षांत, तेच शहर तीन शतकांपूर्वीचे कुजके लाकूड वाचवायला जिवाचे रान करत होते. लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे मेणासारख्या रसायनाचा फवारा चालला, तोही लोकांसमोर. तात्पुरत्या शेडमध्ये उभे राहून ओलसर धुक्यातून लोक जहाज बघत. आजची इमारत १९९० ची. जुने जपण्यासाठी लागणारा संयम आणि कौशल्य शहरापाशी तेव्हाही होते, हे वासा पाहिल्यावर नाकारता येत नाही.

अलीकडच्या दशकात तोच वाद नव्या रूपात आला. मध्यभागातल्या ब्लासियेहोल्मेन या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर नोबेल पुरस्कारांशी निगडित नोबेल केंद्राची भव्य इमारत बांधायची योजना होती. त्यासाठी जुनी लाकडी वखार आणि जकातीची इमारत हटवावी लागणार होती. २०१८ मध्ये न्यायालयाने ती अडवली आणि त्याच वर्षी निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्यांनी त्या जागेचा नाद सोडला. एल्म झाडांच्या उद्यानात एका अमेरिकी फोन कंपनीला मोठे दुकान हवे होते, त्यालाही २०१८ मध्येच नकार मिळाला. दोन्ही वेळी लोकांच्या तोंडी १९७१ चा दाखला होता.

स्लुसेनला मात्र विरोध पुरला नाही. गामला स्तान आणि सॉदरमाल्म यांना जोडणारे, १९३५ चे गोलाकार वळणांचे ते जंक्शन खचत चालले होते. जपून दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी २०१६ पासून पाडकाम सुरू झाले. चीनमध्ये तयार केलेला १४० मीटर लांबीचा सोनेरी रंगाचा पूल २०२० च्या मार्चमध्ये जहाजावरून आला. ज्या नोबेल केंद्राला ब्लासियेहोल्मेनवर जागा मिळाली नाही, त्यासाठी आता स्लुसेनचीच जागा ठरली आहे. फ्येलगाटानच्या कठड्यावरून डावीकडे पाहिले की हा पूल दिसतो. कोच तिथे पंधरा-वीस मिनिटे थांबतो, तेव्हा गाइडला स्लुसेनबद्दल जरूर विचारावे. या विषयावर मत नसलेला स्टॉकहोमकर सापडणे कठीण आहे.