बारकोडने लॉगिन: ओळख सांगणे आणि ओळख पटवणे

बारकोडचे मूळ अमेरिकी पेटंट १९५२चे, आणि दुकानाच्या गल्ल्यावर आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या एका सुपरमार्केटमध्ये, च्युइंग गमच्या पाकिटावर. लॉगिनशी या इतिहासाचा संबंध आला तो स्कॅनर कीबोर्डचे सोंग घेऊ लागल्यावर. कीबोर्ड आणि संगणक यांच्या मधे बसणाऱ्या जोडणीला ‘वेज’, म्हणजे पाचर, म्हणत. यूएसबी आल्यावर पाचर गेली, सोंग मात्र टिकले. वाचलेली अक्षरे टंकल्यासारखी पुढे जातात, शेवटी एंटर दाबला जातो, आणि समोर बोटे आहेत की यंत्र हे लॉगिनच्या खिडकीला कळत नाही. (स्कॅनर अक्षरे नव्हे तर कोणती कळ दाबली याचा संकेत पाठवतो; संगणकावर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिल्यास इंग्रजी नावाच्या जागी देवनागरी उमटते.)

ओळखपत्रावरचा बारकोड स्कॅन करून लॉगिन करू द्यावे का, या वादाचे मूळ बारकोडच्या अक्षरसंचात आहे. १९७०च्या दशकातल्या ‘कोड ३९’ या बारकोड प्रकारात मोठी इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे अशी ४३च वर्णे होती. १९८१च्या कोड १२८ मध्ये आस्की या संगणकाच्या इंग्रजी अक्षरसंचातली सर्व १२८ वर्णे, पुढच्या चौकटीत नेणाऱ्या टॅबसकट, बसली. त्यामुळे वापरकर्त्याचे नाव, टॅब आणि पासवर्ड एकाच पट्टीत छापून ओळखपत्रावर चिकटवणे शक्य झाले. हातमोजे घालून काम करणाऱ्या आणि पाळीत अनेकदा संगणक बदलणाऱ्या परिचारिकांना व कामगारांना ही सोय हवीशी वाटणे स्वाभाविक होते. नाहीतर एकाचे खाते दिवसभर उघडे राहून सगळे त्यावरच काम करतात, हा समर्थकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. परंतु ‘मी अमुक’ हे सांगणे आणि ‘मी अमुकच’ हे पटवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि पट्टी केवळ पहिली करू शकते. तिचा मोबाइलवर काढलेला फोटो छापून घेतला तर तोही स्कॅनरला मूळ पट्टीइतकाच चालतो. पट्टीत फक्त नाव आणि पिन हाताने, ही तडजोड म्हणूनच जास्त समंजस ठरते.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानात वाहनांच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. लॉगिनसाठी तो संगणकाच्या पडद्यावर आला, जसा जानेवारी २०१५ मध्ये एका लोकप्रिय संदेश ॲपने आणला, तेव्हा दिशाच उलटली: कोड संगणक दाखवतो, वाचतो फोन, आणि तो कोड थोड्याच वेळात बदलत असल्याने त्याची जुनी प्रत निरुपयोगी ठरते. ओळख पटवण्याचे काम येथे आधीच लॉगिन झालेला फोन करतो. बोलण्यात दोन्हींना ‘बारकोड स्कॅन करणे’च म्हटले जाते, आणि त्यामुळे ओळखपत्रावरची छापील पट्टीही तितकीच सुरक्षित असल्याचा समज पसरतो.